मलपृष्ठावरची नोकरी

दुपारी पुस्तकांचं कपाट आवरायला काढलं की ते संध्याकाळपर्यंत आवरून होत नाही. हातात आलेली कादंबरी आधी उलटी होते आणि मलपृष्ठावरचा लेखक-परिचय वाचला जातो. जन्मगाव, शिक्षण, नोकरी, पुरस्कार. बाकी सगळं विसरलं तरी चालेल, नोकरी तेवढी लक्षात ठेवावी.

श्याम मनोहर आणि रंगनाथ पठारे, दोघंही फिजिक्सचे प्राध्यापक. एक पुण्यात, दुसरे संगमनेरात. (तेव्हा मराठी विभाग काय करत होते, हे विचारू नये.) विषय एक, पण लिहिण्याची तऱ्हा अगदी वेगळी. मनोहरांचं वाक्य चार-पाच शब्दांचं, कोरडं. 'उत्सुकतेने मी झोपलो'ला 2008 साली साहित्य अकादमी मिळालं म्हणून लोक ती घेतात, भरभर वाचतात आणि 'यात घडतं काय?' म्हणून ठेवून देतात. त्यांचा विनोद पूर्णविरामानंतर, जरा उशिरानं कळतो. एका बैठकीला वीस पानं पुरेत. नवख्याच्या हाती 'कळ' तर मुळीच देऊ नये. तो कथानक शोधत बसतो आणि आपल्यावरच चिडतो. 'हे ईश्वरराव... हे पुरुषोत्तमराव'पासून सुरुवात केलेली बरी.

पठाऱ्यांकडे माणसांचा तोटा नाही. 'सातपाटील कुलवृत्तांत'ची 2019 पासून चर्चा फार, म्हणून लोक तिथूनच शिरतात आणि पिढ्यांच्या गर्दीत मध्येच कुठेतरी हरवतात. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं वंशावळ मांडत गेलं तर निभावतं. आडवं पडून वाचू नये, मनगट धरतं. त्याआधी 'ताम्रपट' वाचून झालेलं असलं तर उत्तम. स्वातंत्र्य चळवळीतली माणसं पुढे संस्था आणि सत्तेच्या राजकारणात कशी मुरली, हे इतकं तपशिलात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'ला (अकादमी, 2023) अडचण भाषेची. धरणानं उठवलेल्या गावातला माणूस मागे राहिलेली म्हैस आणायला जुन्या गावी परत जातो, एवढीच गोष्ट. पण बोली पन्हाळ्याकडची. शब्दकोश उघडून उपयोग नाही, त्यातले बरेच शब्द तिथे भेटायचे नाहीत. पहिली पंचवीस-तीस पानं मोठ्यानं वाचावीत. कान सरावला की डोळे आपोआप पुढे जातात. प्रवीण बांदेकरांच्या 'चाळेगत'मधल्या मालवणीलाही हाच उपाय. बांदेकर सावंतवाडीत इंग्रजीचे प्राध्यापक, म्हणजे पुन्हा मास्तरच.

सदानंद देशमुखही त्याच पेशातले. त्यांच्या 'बारोमास'मधला (2002) एकनाथ मात्र एम.ए., बी.एड. होऊनही बापाच्या कोरडवाहू शेतातच अडकतो, कारण संस्थाचालकाला द्यायला पैसे नाहीत. मलपृष्ठावर प्राध्यापक आणि आतल्या पानांत तीच नोकरी न मिळालेला पोरगा. ही कादंबरी वाचायला सांगताना दोन्ही एकदमच दाखवावं.

आणि मग नवनाथ गोरेंची 'फेसाटी' काढावी. जत तालुक्यातल्या पोराच्या शिक्षणाची फरफट. 2018 साली अकादमीचा युवा पुरस्कार. 2020च्या टाळेबंदीत गोरेंची तासिका तत्त्वावरची प्राध्यापकी सुटली आणि लेखक गावी मजुरीला जात असल्याच्या बातम्या छापून आल्या. पुस्तक तेव्हाही दुकानात मिळत होतं.