शेजारच्या कॅमेऱ्यात आमची खिडकी

शेजारच्या काकांनी कॅमेरा बसवला तो गाडीसाठी. गाडीतून सामान चोरीला गेलं होतं, त्यामुळे कारण खरं होतं. पण कॅमेऱ्याचं तोंड जिकडे होतं, तिकडे गाडीच्या मागे आमचं दार आणि बेडरूमची खिडकी येते. रात्री लेन्सभोवतीचे इन्फ्रारेडचे बारीक लाल ठिपके खिडकीतून सरळ दिसायचे. पडदा दिवसभर ओढलेला. लेकीने दारात उभं राहून फोनवर बोलणंच सोडलं, तेव्हा मात्र मला गप्प बसवेना.

भांडायला जाण्याआधी कायदा समजून घेतला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, हे माहीत होतं. पण त्या हक्काचा रोख मुख्यतः सरकारवर. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा एखाद्याने वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला लागूच होत नाही. कपडे बदलताना किंवा न्हाणीघरात कुणाचं चोरून चित्रण केलं तर तो सरळ गुन्हा आहे, त्यात शंका नाही. दार, अंगण, येणंजाणं इथे मात्र सगळं धूसर. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने २०१४ मध्ये घरावरचा कॅमेरा सार्वजनिक रस्ता टिपत असेल तर त्याला निव्वळ घरगुती वापर म्हणता येणार नाही असं ठरवलं. ते वाचून धीर आला, पण तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही.

ओळखीच्या वकिलांनी सांगितलं, की नोटीस पाठवता येईल, पुढे दिवाणी न्यायालयात मनाई हुकूमही मागता येईल. पण आधी कॅमेऱ्यात नेमकं काय येतं ते बघा. हा सल्ला मला सगळ्यात मोलाचा वाटतो. बाहेरून कॅमेऱ्याकडे बघून काही कळत नाही. रुंद कोनाची लेन्स आपल्याला वाटतं त्याच्या कितीतरी पलीकडचं पकडते.

खिडकीत उभं राहून कॅमेऱ्याचे तारखेसकट फोटो काढून ठेवले आणि शेजारी गेले. म्हटलं, "काका, कॅमेरा राहू दे. फक्त मोबाइलवर काय दिसतं ते एकदा दाखवा."

"आम्ही काय तुमच्या घरात डोकावतो का?" काकांना राग आला. काकू म्हणाल्या, "अहो, दाखवा ना, त्यात काय!"

पडद्यावर गाडी खालच्या कोपऱ्यात होती. बाकी चित्रात आमचं दार, आणि उजवीकडे खिडकी, पडद्याच्या फटीसकट. काकूंनी सहज स्पीकरच्या खुणेवर बोट ठेवलं आणि लेकीचा आवाज ऐकू आला. ती आमच्या घरात बोलत होती. काकांचा चेहरा उतरला. आवाजही रेकॉर्ड होतो हे त्यांना खरंच माहीत नव्हतं.

मग मी तीन गोष्टी लेखी मागितल्या: तोंड खाली वळवणं, मायक्रोफोन बंद करणं आणि उरलेल्या खिडकीवर प्रायव्हसी मास्क. हा मास्क म्हणजे सेटिंगमध्ये चित्राच्या त्या भागावर आखलेला काळा चौकोन. कॅमेरा बसवणाऱ्या मुलाने थोड्या वेळात सगळं करून दिलं. मी मात्र थेट चित्रावर समाधान मानलं नाही, साठवलेली क्लिप उघडून दाखवायला लावली. चौकोन त्यातही हवा आणि आवाज त्यातही नको. जुन्या क्लिप काकांनी माझ्यासमोर पुसल्या.

एक गोष्ट त्या मुलानेच सांगितली: कॅमेरा जरा जरी हलला तर चौकोन भलत्याच जागी जातो आणि रीसेट केला तर नाहीसा होतो. म्हणून कॅमेऱ्याला हात लावला की काकू मला स्क्रीनशॉट पाठवतात, हे आम्ही त्याच कागदावर लिहून दोघांच्या सह्या केल्या आहेत. दाराचा थोडा भाग अजून चित्रात येतो. तो मी मान्य केला, कारण त्यांची गाडी तिथेच लागते.