आमची वाटचाल: डेव्हलपरच्या टाकीपासून कलर ग्रेडिंगपर्यंत

परभणीत वडिलांच्या फोटो स्टुडिओतील ज्या डार्करूममध्ये कृष्णधवल निगेटिव्ह धुतल्या जात, त्याच खोलीत आज आम्ही लघुपट आणि माहितीपटांचे कलर ग्रेडिंग, म्हणजे चित्रीकरणानंतर रंग आणि उजेड-सावल्यांची जुळवणी, करतो. यंत्रे बदलली, तरी चित्राचे रूप कॅमेऱ्याइतकेच रसायनांत घडते, ही वडिलांची शिकवण आमच्या कामाचा पाया राहिली आहे. कृष्णधवल डेव्हलपरसाठी, म्हणजे फिल्मवरील चित्र उमटवणाऱ्या रसायनासाठी, साधारणतः 20 अंश सेल्सिअस तापमान धरतात. मे महिन्यात आमच्याकडे नळाचे पाणीच त्याहून कितीतरी तापलेले असे, म्हणून टाक्यांभोवती बर्फ ठेवावा लागे, कारण डेव्हलपर गरम असताना वेळ कमी केला नाही, तर निगेटिव्ह गडद आणि कडक कॉन्ट्रास्टची निघते.

रंगीत फिल्ममध्ये रसायनांचा हात अधिक खोलवर पोहोचतो. प्रकाश पडलेल्या जागी डेव्हलपरमुळे चांदी आणि तिच्यासोबत रंगद्रव्य तयार होते. पुढे ब्लीच आणि फिक्सर ही रसायने मिळून ती चांदी काढून टाकतात. ब्लीचची पायरी गाळली (याला ‘ब्लीच बायपास’ म्हणतात), तर चांदीचे कृष्णधवल चित्र रंगांसोबत तसेच राहते, रंग फिके होतात आणि कॉन्ट्रास्ट वाढतो. जपानी छायालेखक काझुओ मियागावा यांनी 1960 च्या ‘ओतोतो’ या चित्रपटासाठी हा मार्ग अवलंबला. पुढे रोमच्या टेक्निकलर प्रयोगशाळेतील ईएनआर पद्धतीने प्रिंटमध्ये, म्हणजे पडद्यावर दाखवायच्या प्रतीत, किती चांदी राखायची हेही ठरवता येऊ लागले. छायालेखक व्हित्तोरिओ स्तोरारो यांनी ती ‘रेड्स’ (1981) या चित्रपटासाठी वापरली.

ही प्रक्रिया निगेटिव्हवर केली की प्रिंटवर, यावर सारे अवलंबून असते, आणि आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना आम्ही प्रथम हेच दाखवतो. निगेटिव्हमध्ये चांदी दृश्याच्या उजळ भागांत साठते, त्यामुळे पडद्यावर पांढऱ्यातील तपशील जातो. प्रिंटमध्ये ती सावल्यांत साठते आणि काळा रंग दाट होतो. संगणकावरील तयार ‘ब्लीच बायपास’ परिणाम निवडून हा भेद हाती लागतोच असे नाही. ऊसतोड कामगारांवरील एका माहितीपटासाठी दिग्दर्शकांनी असे रूप मागितले, तेव्हा आम्ही प्रिंटची रीत डोळ्यांसमोर ठेवली. पांढऱ्या धोतराचा पोत टिकला, काळ्या रानाला वजन आले. मात्र रापलेल्या चेहऱ्यांवरील बारकावे सावलीत बुडू लागले, तेथेच आम्ही थांबलो. तेव्हापासून असे काम स्वीकारताना आम्ही मुख्य चित्रीकरणाआधी कलाकारांच्या चेहऱ्यांचे आणि कपड्यांचे नमुना-चित्रण आवर्जून मागून घेतो.