चार्ली वॉट्सचा उजवा हात

‘तुम्ही स्वतः ड्रम्स वाजवता, एकाहून एक तयारीचे ड्रमर ऐकता, मग आवडता म्हणून रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडच्या चार्ली वॉट्सचेच नाव का घेता? तो तर नुसता ठेका धरून बसे,’ असे मला नेहमी विचारले जाते. तुम्हीही विचारलेत म्हणून सांगतो.

२४ ऑगस्ट २०२१ रोजी लंडनमध्ये चार्लीचे निधन झाले. बातमी कळली त्या रात्री मी त्याचा सोलो, म्हणजे एकट्याचे ड्रमवादन, शोधत बसलो नाही. त्याला सोलोची आवडच नव्हती. मी ऐकत राहिलो तो त्याचा उजवा हात. चार मात्रांच्या रॉक ठेक्यात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला डावा हात स्नेअरवर, म्हणजे कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवर, पडतो आणि बहुतेक ड्रमर त्याच क्षणी उजव्या हाताने हाय-हॅट ही झांजांची जोडीही वाजवतात. चार्ली मात्र नेमका तेव्हाच उजवा हात उचलून घेई, त्यामुळे स्नेअरचा आघात झांजेच्या किणकिणीत न मिसळता एकटा, कोरडा ऐकू येई. हे किरकोळ वाटेल. मी महिनाभर करून पाहिले, तेव्हा आधी सवयीचा हात आवरेना आणि तो आवरला तेव्हा लय अडखळू लागली.

शिवाय, एरवी सगळा बँड ड्रमरला धरून चालतो. स्टोन्समध्ये कीथ रिचर्ड्सची गिटार पुढे आणि चार्ली तिच्या मागोमाग, किंचित उशिरा. तबल्याची संगत ऐकत वाढलेल्या माझ्या कानाला यातले अवघडपण पटकन कळले, कारण गाणाऱ्याचा श्वास ओळखून मागे राहणारा तबलजी किती दुर्मीळ असतो, हे घरातल्या मोठ्यांकडून ऐकले होते.

मूळचा तो जॅझचाच. पोरवयात बँजो या चामडे ताणलेल्या तंतुवाद्याची मान काढून, उरलेल्या चामड्यावर ड्रमच्या तारांच्या ब्रशने वाजवत तो शिकला. १९६३ मध्ये स्टोन्समध्ये येण्यापूर्वी तो जाहिरातीसाठी ग्राफिक डिझाइन करत असे, आणि रेघेची ती सवय शेवटपर्यंत राहिली: १९६७ पासून दौऱ्यावर ज्या ज्या हॉटेलात मुक्काम पडे, तिथल्या पलंगाचे तो रेखाचित्र काढी. (बाकीचे स्टोन्स त्या वेळी काय करत असत, ते जगजाहीर आहे.)

त्याच्या मृत्यूनंतर सुमारे महिन्याभराने अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या स्टोन्सच्या कार्यक्रमाची सुरुवात रिकाम्या मंचावर घुमणाऱ्या ड्रमच्या ठेक्याने आणि पडद्यावरच्या त्याच्या छायाचित्रांनी झाली. आता त्याच्या जागी बसणारा स्टीव्ह जॉर्डन उत्तमच वाजवतो. तरीही दुसरी मात्रा आली की माझे डोळे अजून उजव्या हाताकडे वळतात.