उपाशी पैलवान

काल दुपारी गच्चीवरचे सांडगे गोळा करताना पोनीटेल पामच्या कुंडीला पाय लागला आणि मी सवयीने वाकून त्याच्या बुडख्यावर अंगठा दाबून पाहिला. बुडखा टणक लागला तेव्हा हायसे वाटले, कारण यापूर्वीचे रोप असेच दाबून पाहिले तेव्हा अंगठा पिकल्या सीताफळात जावा तसा आत गेला होता.

ते रोप आमच्या मायेने गेले. सकाळी तुळशीला पाणी घातल्यावर तांब्यात उरलेला घोट शेजारच्या कुंडीत ओतण्याची आईची रीत आहे. आणि पाहुणा नको नको म्हणत असतानाच त्याच्या वाटीत पांढरा रस्सा वाढणाऱ्या कोल्हापुरात जन्म काढलेल्या मला त्यात काही वावगे वाटले नाही. पूर्व मेक्सिकोतल्या कोरड्या रानातले हे झाड मात्र आपल्या फुगीर बुडख्यात पाणी साठवून ठेवते, आणि एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत त्याला माती पुरती वाळलेली लागते.

खरे तर मी ते घेतले त्या बुडख्यासाठीच. लहानपणी आजोबा मला खासबागेत कुस्त्या पाहायला नेत. शाहू महाराजांनी बांधून घेतलेल्या त्या मैदानात बसून मोठी माणसे डावांवर वाद घालत, आणि डाव कधीच न कळलेला मी नुसत्या मांड्या पाहत बसे. आखाड्यात उतरलेला पैलवान अंगाला माती लावून उभा राहिला, की एवढ्या रुंद पायांवर एवढेसे डोके कसे, याचेच मला नवल वाटे. रोपवाटिकेत हे झाड दिसले तेव्हा तोच पैलवान डोक्यावर पोरीसारखा केसांचा झुबका बांधून बसल्याचा भास झाला. खुराकाचे गणित तेवढे उलटे. याला दूध-बदाम चालत नाही, उपास मानवतो.

दुसऱ्या रोपाचे बोन्साय करायचे ठरवून मी ते पसरट कुंडीत, वाळू आणि विटांचा चुरा अधिक असलेल्या मातीत, बुडखा पुरता उघडा ठेवून लावले. तार गुंडाळून वळवायला याला फांद्याच नसतात, म्हणून जाणकार याला बोन्साय म्हणायला नाक मुरडतात. फांद्या हव्यात तर शेंडा छाटावा लागतो. नारळाचा शेंडा छाटला तर झाड संपते. हे नावापुरतेच पाम, कुळाने शतावरीचे आणि बांधावरच्या घायपाताचे भाऊबंद, त्यामुळे ते पुन्हा फुटते. हे सगळे पाठ असूनही मार्चमध्ये सुरी हातात घेतल्यावर दोन दिवस माझा धीर झाला नाही. अखेर छाटले, कापावर हळद दाबली आणि पाणी न घालण्याची आईला ताकीद दिली. ती म्हणाली, "जखम केलीस ती केलीस, वर पाणीपण तोडलंस होय रे?"

काल पाहिले तर कापाच्या कडेला दोन हिरवे कोंब आले होते, तेही नेमके भिंतीच्या बाजूला. बोन्सायला एक दर्शनी बाजू असते आणि ती ठरवण्यात मी दोन महिने घालवले होते. मी कुंडीच फिरवली. फिरवताना मातीला बोट लागले, तर माती ओली. सांडग्यांचे ताट घेऊन खाली आलो; आईला काही विचारले नाही.