भिलारमध्ये आमचं घर कोणतं?

सुरूर फाट्यावरून आत वळलं की वाई, मग पसरणीचा घाट, मग पाचगणी, आणि तिथून महाबळेश्वरच्या रस्त्याला थोडं पुढे भिलार. स्ट्रॉबेरीचं गाव म्हणून ते आधीपासून माहीत होतंच. 4 मे 2017 पासून ते पुस्तकांचं गावही झालं. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून सुचलेली, पण तिथे पुस्तकं विकायला मांडलेली असतात, इथे नुसती वाचायला. गावकऱ्यांनी घरातली खोली, ओसरी, हॉल मोकळा करून दिला, राज्य मराठी विकास संस्थेनं पुस्तकं दिली. सुरुवातीला अशी 25 ठिकाणं होती. हे कवितांचं घर, हे चरित्रांचं, हे संतसाहित्याचं. चपला काढायच्या, आत जायचं, हवं ते पुस्तक घेऊन बसायचं. पैसे कोणी मागत नाही.

गाडीत आम्ही चौघं. सांगलीचे निवृत्त गणित शिक्षक, ज्यांना आम्ही सगळेच सर म्हणतो. वाईची मैत्रीण, जिला ड्रॅगन नसेल तर पुस्तक अळणी लागतं. कराडला इंजिनिअरिंग शिकणारा एक पोरगा. आणि स्टिअरिंगवर मी. प्रत्येकानं विज्ञानकथा नाहीतर फँटसीचं आपलं लाडकं पुस्तक आणायचं आणि जाताना दुसऱ्याचं न्यायचं, एवढंच ठरलं होतं. त्यात सरांनी एक कलम घुसवलं: "मला लई आवडलं" एवढ्यावर पुस्तक कुणाच्या गळ्यात मारायचं नाही. समोरच्याला आधी काय आवडलंय ते विचारायचं, मगच सुचवायचं.

पसरणीच्या घाटात पोरानं काडी टाकली. "सर, मराठीत सायफाय आहेच कुठं पण?"

सरांनी दोन वळणं जाऊ दिली. मग नारळीकरांची गोष्ट काढली. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' नावाची कथा आली, लेखक कुणी नारायण विनायक जगताप. ना. वि. ज. उलटं वाचलं की जयंत विष्णू नारळीकर! आपल्या नावाकडे बघून बक्षीस मिळू नये म्हणून त्यांनी नाव बदललं होतं, आणि बक्षीस तरीही त्यांनाच मिळालं. ही गोष्ट मी आधी ऐकलेली होती, पण सर ती अशी सांगतात की जगताप नावाचे कुणी गृहस्थ सांगलीतच राहत असावेत असं वाटतं.

"बरं, तुला परदेशी लागतं ना?" सर म्हणाले. "मग नारळीकरांच्या गुरूंचं वाच." फ्रेड हॉइल, केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ. त्यांची 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी 1957 ची. अवकाशातून एक काळा ढग येतो, सूर्य झाकतो, आणि हळूहळू कळतं की ढगाला बुद्धी आहे. पुस्तक सरांच्या पिशवीतच होतं. पोरानं ते तिथंच काढून घेतलं आणि पाचगणी येईपर्यंत तो बोलला नाही.

भिलारमध्ये खरी पंचाईत झाली. आमचं घर कोणतं? कादंबऱ्यांचं आहे, कथांचं आहे, बालसाहित्याचं आहे, लोकसाहित्याचं आहे, दिवाळी अंकांचंही आहे. पण ज्यात राक्षस, यान, कालप्रवास आणि परग्रह एकत्र नांदतात असं घर काही आम्हाला दिसलं नाही. मैत्रीण जरा खट्टू झाली. मला मात्र हिंडता हिंडता ते बरोबरच वाटायला लागलं. मराठी विज्ञानकथा खूपशी वाढली ती दिवाळी अंकांत, 'नवल' आणि 'धनंजय'सारख्या, आणि तिथे तिची शेजारीण कायम भूतकथा किंवा रहस्यकथा. नारायण धारप भयकथांचे म्हणून ओळखले जातात, पण विज्ञानकथाही त्यांनी लिहिल्याच. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, तो बसला मुलांच्या कपाटात. आणि अद्भुत हवं असेल तर लोककथांच्या घरी जायचं. एका आवडीसाठी चार उंबरे. त्यामुळे गाव फिरून होतं, हा फायदा वेगळाच.

"अद्भुताचं मूळ घर सांगलीत आहे," सरांनी ठोकून दिलं. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं तेव्हापासून राक्षस अलल्डुर्र करत रंगमंचावर येतायत, मग तुमच्या ड्रॅगनचं काय कौतुक! सांगलीकर कुठलाही विषय असो, विष्णुदासांपर्यंत पोचतोच.

दुपारी एका ओसरीवर पिठलं-भाकरी झाली आणि खरी जुंपली. मैत्रिणीनं सरांपुढे अर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ठेवलं. 1968 चं, अंगानं पातळ. सरांचा फँटसीवर जुना राग: जादू म्हणजे नियमांना सुट्टी. ती म्हणाली, "नाही सर. इथं एखाद्या वस्तूचं खरं नाव माहीत असल्याशिवाय तिच्यावर सत्ता चालत नाही. आणि प्रत्येक मंत्रानं जगाचा तोल थोडा हलतो, त्याची किंमत द्यावी लागते."

"म्हणजे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आहे की!" सर म्हणाले आणि चष्मा शोधायला लागले.

त्यांनी सुचवण्याचं कलम का घातलं होतं ते मला तेव्हा कळलं. उत्तम पुस्तकांच्या याद्या चिक्कार मिळतात, पण त्या वाचणाऱ्याला ओळखत नाहीत. नियमांवर जीव असलेल्या माणसाला नियमांची जादू दाखवावी लागते. उलट बाजूनंही तेच. मैत्रिणीला रॉकेट, समीकरणं नको होती, तर सरांनी तिला नारळीकरांचं 'वामन परत न आला' दिलं. नाव पुराणातलं, पण आत उत्खनन, फार पूर्वीच्या प्रगत संस्कृतीनं पुरून ठेवलेलं ज्ञान, आणि त्यावरून घडवलेला यंत्रमानव. तीन पावलांची गोष्ट माहीत असलेल्या वाचकाच्या पोटात नावापासूनच गोळा येतो. ही सोय इंग्रजी वाचकाला नाही, असं माझं मत.

मला पोराकडून असिमोव्हचं 'फाउंडेशन' मिळालं, सोबत सक्त ताकीद: 1951 ते 1953 मधले पहिले तीन भाग आधी, 1988 मध्ये आलेला पूर्वकथेचा भाग नंतर. "आधी काय घडलं ते आधी कळलं तर सगळी मजा जाते, दादा." हे पटलं. मी त्याला टॉल्किनबद्दल हेच सांगत आलोय, आधी प्रसिद्ध झालेल्या 'द हॉबिट'पासून सुरू कर म्हणून, पण तो ऐकत नाही.

परतताना सगळ्यांनी स्ट्रॉबेरी घेतली. ती पुस्तकांपासून लांब ठेवा, लगेच पाझरते. पुढची बैठक सांगलीत. पोरगा सरांना लिऊ त्सिशिनच्या चिनी त्रयीचा पहिला भाग आणून देणार आहे, 2015 चं ह्यूगो मिळालेला.

"तीन भाग?" सर मागच्या सीटवरून म्हणाले. "आधी एकूण पानं किती ते सांग. माझं वय बघून सुचवायचं, हेही कलमात धर."