शर्टाच्या चुण्या आणि ताठ पाय

"फिगर पडतेय." म्हणजे आकृतीचा तोल जातोय. पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीच्या चित्राच्या कडेला पेन्सिलने एवढं लिहून मी पुढच्या बोर्डाकडे वळलो. फिगर ड्रॉइंगच्या, म्हणजे समोर उभा मॉडेल पाहून माणूस काढायच्या वर्गात हा शेरा मी आठवड्यातून दहा वेळा देत असेन.

"पण सर, दिसलं तसंच काढलंय." हेही मी आठवड्यातून दहा वेळा ऐकतो.

तरी परत फिरलो, ते चुण्यांमुळे. फार चांगल्या उतरल्या होत्या. माणसाने एका पायावर भार टाकला की त्या बाजूचा खुबा वर सरकतो आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. मधली कंबर दबते, शर्ट तिथे गोळा होतो. दुसऱ्या बाजूला तो काखेपासून ताणला जातो. तिच्या चित्रात मॉडेलच्या उजव्या कमरेवर चुण्या एकीवर एक चढलेल्या, डावी बाजू जवळजवळ सपाट. म्हणजे भार उजव्या पायावर. आणि खाली? उजवा गुडघा सैल वाकलेला, डावा पाय खांबासारखा ताठ. गळ्याच्या खळीपासून पेन्सिलचा ओळंबा सोडून पाहिला, तर तो उतरला उजव्या घोट्याशी, जिथे भारच नव्हता.

चुण्या चुकल्या म्हणावं, तर इतक्या एकमेकींना धरून असलेल्या चुण्या मनाने रचता येत नाहीत. पहिल्या वर्षाला तर नाहीच.

शेजारच्या मुलाने पहिल्या पाच मिनिटांतच डोक्यापासून पावलांपर्यंत आकृती बांधून घेतली होती. त्याच्याकडे उजवा पाय ताठ! ही मात्र वरून खाली पुरं करत येणारी. मॉडेलच्या मधल्या विश्रांतीपर्यंत कमरेला पोचली होती, पाय नंतरचे. बाकीचे सगळे छटा भरण्यात गुंतलेले. मी मॉडेलकडे पाहिलं. डाव्या पायावर उभा.

"उजव्याला मुंग्या आल्या होत्या," तो ओशाळून म्हणाला. "कोणी काही बोललं नाही, मग तसाच राहिलो."

बोलायचं माझं काम होतं. विश्रांतीआधी पावलांभोवती खडूची रेघ मारायची आणि नंतर पावलं तिच्यात बसवायची, हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला सांगतो. त्या दिवशी खडू माझ्या खिशात होता.

"मग सर, पाय पुसू?"

"थांब, आधी माझं पुसू दे."

शेरा खोडला. पण मी लिहिताना पेन्सिल फार दाबतो. कागद तिरका धरला की अक्षरं अजून वाचता येत होती.