येताना उचल

आपल्या शाळेत आठवीत वर्कशॉपच्या पहिल्याच तासाला हातात कानस (लोखंड घासायची दातेरी पट्टी) आली आणि मिनिटभरात सरांचा आवाज आला, "अरे, पोळ्या लाटतोयस का? येताना उचल!" कानस पुढे जातानाच कापते. मागे येताना दाबून ओढली तर नुसते दात जातात. पुढे कित्येक आठवडे आम्ही लोखंडाचा एकच तुकडा घासत होतो. घासायचं, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावायचा, खिडकीकडे धरायचं; फटीतून उजेड दिसला की पुन्हा व्हाइसच्या शिकंज्यात. माझा तुकडा काटकोनात कधी आलाच नाही. लहान मात्र होत गेला.

औंधच्या आयटीआयमधून टर्नर होऊन भोसरीत लागलो. काही वर्षं साध्या लेथवर, म्हणजे जॉब फिरवून टूलनं कापणाऱ्या मशीनवर, काढली, मग मालकांनी सीएनसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी लेथ, घेतली आणि मला प्रोग्रॅमिंगला बसवलं. सुरुवातीला एकेक पास, म्हणजे टूलची एकेक कापणारी फेरी, हातानं लिहायचो. ५० मिमीचा बार ३० वर आणायचा तर पाच पास, प्रत्येकाला चार ओळी: आत जा, काप, बाहेर ये, परत जा. मग जी७१ हा कोड कळला. फक्त शेवटचा आकार लिहून द्यायचा, पास मशीन स्वतः पाडतं. पहिल्या ओळीत 'यू२.० आर०.५'. यू म्हणजे एका पासला त्रिज्येवर किती खोल घ्यायचं ते. आर म्हणजे परतताना टूल जॉबपासून किती उचलायचं ते. मॅन्युअलमधली ती आकृती बघून मी एकटाच हसलो होतो.

पण जी७१ च्या दुसऱ्या ओळीतही एक यू असतो. त्याचा अर्थ वेगळा: फिनिशिंगसाठी, म्हणजे शेवटच्या बारीक कापासाठी, व्यासावर किती माल ठेवायचा. हे एकाच अक्षराला दोन कामं देणं मला आजही पटत नाही. बाहेरच्या व्यासाला तो यू०.४, आतून बोअर (भोक मोठं) करताना यू-०.४. मी वजा विसरलो. बोअर हवा होता ५२, मिळाला ५२.४. मला वाटलं ऑफसेट (मशीनला दिलेलं टूलच्या जागेचं माप) चुकला. फिनिशिंग टूलचा ऑफसेट कमी केला. दुसरा जॉबही तेवढाच. इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) बदलला, तिसराही गेला. शेजारच्या मशीनवरचे एक जुने सेटर चहाचा कप घेऊन आले, काचेतून जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "फिनिशिंगला चिप कुठंय, भाऊ?" खरंच, कापलेल्या मालाचा कीस पडतच नव्हता, टूल हवेतच फिरत होतं. आधीच्या जाड कापानं, रफिंगनंच माल खाऊन टाकला होता, राखायचा ०.४ उलट्या बाजूला जाऊन. आता नवा प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवताना मी स्क्रीन कमी आणि चिप जास्त बघतो.

आटे पाडायचं जी७६ त्या मानानं सरळ आहे. फक्त तिथे जी९६ (व्यासाप्रमाणे फेरे बदलणारा कोड) ठेवायचा नाही, जी९७ नं फेरे पक्के करायचे, एवढं नव्या पोरांना रोज सांगावं लागतं.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचा कार्यक्रम रविवारी ठेवलाय. आमची सुट्टी गुरुवारी, हे कोण लक्षात घेणार! तरी हाफ डे टाकून येतो. वर्कशॉपच्या जागी आता सायकल स्टँड आहे असं ऐकलं. ते व्हाइस भंगारात गेले नसतील, तर खिडकीजवळचा एक मला द्या. रोख देतो.